मातीविना रोप वाढवणारा झाक्स

गेल्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डातील एका सिस्टरनी राउंड संपल्यावर मोबाइल पुढे केला. फोटो रुग्णाचा नव्हता, पालकाच्या रोपांचा होता. घराच्या गॅलरीत मातीशिवाय, नुसत्या पाण्यात भाजी लावण्याचा म्हणजे हायड्रोपोनिक्सचा संच त्यांनी आणला होता. पहिले पंधरा-वीस दिवस रोपे छान वाढली. मग नवी येणारी पाने फिकट पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. झाडांनाही अ‍ॅनिमिया होतो का, असे त्यांनी अर्धवट थट्टेत विचारले.

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. लोह कमी पडून तरुण मुली फिकट दिसू लागत, त्या आजाराला जुने डॉक्टर क्लोरोसिस म्हणत. लोह न मिळाल्याने पान पिवळे पडते, त्यालाही वनस्पतिशास्त्रात आजपर्यंत क्लोरोसिसच म्हणतात. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. पानातील हरितद्रव्यात ते नसते, पण हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागते. रोपाला लोह लागते, नायट्रोजन लागतो, पोटॅशियम लागते, हे आज शाळकरी मुलेही सांगतात. ते ठरवले कसे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. ते ठरवणाऱ्यांत अग्रभागी असलेला माणूस म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ युलियस फॉन झाक्स. इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे तो ज्युलियस सॅक्स या नावाने आला. गॅलरीतल्या त्या प्लास्टिकच्या टबाचे मूळ त्याच्या काचेच्या बरणीत आहे.

पोरका मुलगा आणि पुर्किन्ये

झाक्सचा जन्म २ ऑक्टोबर १८३२ रोजी ब्रेस्लाऊ शहरात झाला. तेव्हा ते प्रशियात होते. आज पोलंडमध्ये आहे आणि व्रॉट्सवाफ म्हणून ओळखले जाते. वडील नक्षी कोरणारे कारागीर. घरची स्थिती बेताची. वडिलांनी मुलाला चित्रकला शिकवली आणि रानात भटकून आणलेली फुले, बुरशी तो नेमकेपणाने रेखाटू लागला. १८४८ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी आई गेली आणि एक भाऊही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे छत्र गेले आणि शिक्षणही अर्धवट सुटले.

येथे त्याच्या आयुष्यात एक डॉक्टर येतो. ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा यान पुर्किन्ये. हे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आपण त्याचा उच्चार परकिंजे असा करतो. हृदयाच्या ठोक्याचा विद्युत संदेश कप्प्यांच्या भिंतींत पसरवणारे परकिंजे तंतू त्याचेच आणि लहान मेंदूतील मोठ्या, झाडासारख्या फांद्या असलेल्या परकिंजे पेशीही त्याच्याच. त्याची मुले आणि झाक्स एकत्र वाढलेले. पुर्किन्ये १८५० मध्ये प्रागला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने झाक्सला तिकडे मदतनीस म्हणून बोलावून घेतले. काम मुख्यतः चित्रे काढण्याचे. प्रागमध्ये या मुलाने शिक्षण पुरे केले आणि १८५६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

पुर्किन्येच्या प्रयोगशाळेत तो काय शिकला, हे पुढच्या कामावरून दिसते. त्या काळी वनस्पतिशास्त्र म्हणजे बहुतांशी झाडांना नावे देणे, त्यांचे गट पाडणे आणि वाळवलेले नमुने कागदावर चिकटवणे. झाक्सने रोपाकडे एखाद्या शरीरक्रिया शिकलेल्या माणसासारखे पाहिले. हे खाते काय, श्वास कसा घेते, अन्न कोठे तयार होते, ते कोठे साठते? नाव काय, हा प्रश्न त्याच्यासाठी नंतरचा होता.

दोनशे पौंड माती

रोप काय खाते हा प्रश्न झाक्सच्या आधी दोनशे वर्षे पडून होता. बेल्जियममधील व्हॅन हेल्माँट या डॉक्टरने सतराव्या शतकात एका कुंडीत दोनशे पौंड कोरडी माती घेतली आणि पाच पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले आणि माती घटली ती सुमारे दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द रूढ करणारा माणूसही हाच, पण झाडाच्या वजनात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा आहे हे त्याला सुचले नाही. आणि ते हरवलेले दोन औंस त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले.

१६९९ मध्ये इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड याने पुदिन्याच्या जातीची रोपे वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिली. पावसाच्या पाण्यापेक्षा नदीच्या पाण्यात आणि त्याहून माती कालवलेल्या पाण्यात रोपे जास्त वाढली. म्हणजे पाण्यात उतरणारे मातीतले काहीतरी महत्त्वाचे होते. ते नेमके काय? झाडे जाळून राखेत काय सापडते ते पाहण्याचा मार्ग पुढे रूढ झाला. त्यात एक अडचण होती. राखेत एखादे द्रव्य सापडले म्हणजे ते झाडाला लागतेच असे नाही. आपल्या शरीरातही कधी शिसे सापडते, म्हणून शिसे हे काही जीवनसत्त्व ठरत नाही.

बरणी, बूच आणि तराजू

१८५९ मध्ये झाक्स ड्रेस्डेनजवळच्या थारांट येथील वनशेतीच्या संस्थेत मदतनीस म्हणून रुजू झाला. वय सत्तावीसच्या आत. तेथे त्याने जी पद्धत बसवली ती साधी होती. मका, घेवडा यांसारखे बी ओल्या भुशात रुजवायचे. मुळे फुटली की भुसा धुऊन काढायचा. बुचाला भोक पाडून त्यात रोप असे बसवायचे की दाणा आणि खोड वर राहील आणि मुळे बरणीतल्या पाण्यात लोंबतील. त्या पाण्यात मोजून क्षार घालायचे. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा, कॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, जे जुलाबाचे मीठ म्हणून पूर्वी दवाखान्यात असे, थोडे साधे मीठ, आणि अगदी किंचित लोहाचा क्षार. एक लिटर पाण्याला सगळे मिळून काही ग्रॅम. १८६० मध्ये त्याने हे काम प्रसिद्ध केले. त्याच सुमारास लाइपझिगजवळच्या मॉकर्न येथे व्हिल्हेल्म क्नोप हाही याच मार्गाने निघाला होता. या दोघांच्या प्रयोगांतून हे पक्के झाले की रोप मातीचा कणही न मिळता वाढते, फुलते आणि त्याला बी धरते.

मातीशिवाय रोप वाढले, हे पाहून लोकांना नवल वाटले असेल. झाक्सचा हेतू नवल दाखवण्याचा नव्हता आणि शेती करण्याचाही नव्हता. मातीत काय काय आहे हे कोणालाच पुरते सांगता येत नाही. मोजून केलेल्या द्रावणात मात्र काय आहे ते सांगता येते. एकदा सगळे क्षार देऊन रोप नीट वाढले की पुढच्या बरणीत एकच क्षार गाळायचा आणि पाहायचे. लोह गाळले तर नवी पाने पिवळी. पुन्हा लोह घातले तर हिरवी. पिवळ्या पानाला लोहाचा उपयोग होतो हे फ्रान्समध्ये आधीच दिसले होते. बरणीत ते हवे तेव्हा घडवून दाखवता येऊ लागले. अशा रीतीने कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह अशी दहा मूलद्रव्यांची यादी तयार झाली. हेल्माँटने सोडून दिलेल्या दोन औंसांत यांतली बरीच होती.

एकावेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचे सारे तसेच ठेवायचे आणि काय होते ते लिहून ठेवायचे. आम्हा डॉक्टरांना ही शिस्त नव्याने शिकवावी लागते. तीन औषधे एकदम सुरू केली आणि रुग्णाला पुरळ आले तर कोणत्या औषधाने आले हे सांगता येत नाही.

पानावरचा काळा कागद

१८६१ मध्ये झाक्स बॉनजवळच्या पॉपेल्सडॉर्फ येथील शेतकी संस्थेत आला. तेथील सहा वर्षे त्याची सर्वांत सुपीक ठरली. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एक प्रयोग केलेला असतो. कुंडीतल्या रोपाच्या पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकायचा, रोप उन्हात ठेवायचे, मग पान अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग काढायचा आणि आयोडीन टाकायचे. उघडा भाग निळा-काळा होतो, झाकलेला होत नाही. हा प्रयोग झाक्सचा. पानाच्या हिरव्या कणांत दिसणारा स्टार्च हा उजेडात तयार होतो हे त्याने १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवले. रोपाचे मुख्य अन्न मुळातून वर येत नाही, पानात बनते. मुळे फक्त पाणी आणि क्षार पुरवतात.

गॅलरीत भाजी लावणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. बाटलीतल्या द्रावणाला प्लांट फूड म्हणतात, पण ते अन्न नव्हे. ते आपल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांसारखे आहे. जेवण उजेडाचे. अंधाऱ्या गॅलरीत कितीही महागडे द्रावण ओतले तरी रोप उपाशीच राहते.

१८६७ मध्ये तो फ्रायबुर्गला आणि १८६८ मध्ये व्युर्ट्सबुर्गला प्राध्यापक झाला. त्यानंतर मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली, ती नाकारून तो तेथेच राहिला. १८६८ चे त्याचे वनस्पतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक इतर भाषांत गेले. त्यातील चित्रे त्याच्या स्वतःच्या हातची. कारागीर बापाने शिकवलेली कला वाया गेली नव्हती. देशोदेशीचे तरुण शिकायला येऊ लागले. आनुवंशिकतेच्या इतिहासात पुढे नाव मिळवणारा ह्यूगो द व्ह्रीस त्यांतला एक. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस हाही त्याच्या प्रयोगशाळेत येऊन गेला.

चुका आणि उणिवा

झाक्सचा स्वभाव तापट होता. आणि मोठ्या माणसाला जडणारा एक रोग त्यालाही जडला : आपली प्रयोगशाळा सोडून इतरत्र काही धड होते, यावर विश्वास न बसणे. डार्विन बाप-लेकांनी १८८० मध्ये लिहिले की गुरुत्वाची दिशा मुळाचे टोक ओळखते आणि वळते ते त्याच्या मागचा भाग. झाक्सने ते हसण्यावारी नेले. त्याच्या प्रयोगशाळेत टोक कापून पाहिले तेव्हा तसे काही आढळले नाही. घरगुती उपकरणांनी, नवशिक्यांनी केलेले प्रयोग म्हणून त्याने डार्विनची संभावना केली. पुढे डार्विनच बरोबर ठरला. मुळाच्या टोपीचे काम आज सर्वमान्य आहे. खोडातून पाणी वर कसे चढते याबद्दलचे झाक्सचे मतही टिकले नाही.

दुसरी उणीव त्याला दिसणे शक्यच नव्हते. त्याची दहा मूलद्रव्यांची यादी अपुरी होती. रोपाला मँगनीज, बोरॉन, जस्त, तांबे, मोलिब्डेनमही लागतात. पण इतके थोडे की त्या काळच्या क्षारांतील भेसळीतून, पाण्यातून आणि बियांमधल्या साठ्यातून ते आपोआप मिळत होते. विसाव्या शतकात क्षार जास्त शुद्ध झाले, तेव्हा कुठे हे एकेक करून उघडकीस आले.

वैद्यकात हेच पुन्हा घडले. तोंडाने अन्न घेता येत नाही अशा रुग्णांना शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची सोय १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. साखर, प्रथिनांचे घटक, क्षार, सारे मोजून. काही वर्षांनी अशा रुग्णांच्या तोंडाभोवती आणि जांघेत चट्टे उठलेले दिसू लागले. कारण जस्ताची कमतरता. शुद्ध द्रावणात जस्त घालायचे राहून गेले होते.

झाक्सची अखेरची वर्षे आजारपणात गेली. २९ मे १८९७ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी व्युर्ट्सबुर्गमध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या बरणीतून शेती करायची कल्पना नंतरची. कॅलिफोर्नियातील विल्यम गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास टाक्यांत टोमॅटो वाढवून ती मांडली आणि १९३७ मध्ये हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले. भारतात १९४६ मध्ये कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी असे प्रयोग सुरू केले.

गॅलरीतली बरणी

आता सुरुवात करणाऱ्यांसाठी झाक्सच्या धड्यावरून काही गोष्टी. पहिल्यांदा मोठा संच घेऊ नये. झाकणाचा, उजेड आत न जाणारा एक टब, झाकणाला चार भोके आणि जाळीचे छोटे कप पुरेत. पालक, लेट्यूस किंवा पुदिना लावावा. रोज चार-सहा तास ऊन मिळायला हवे. रोपे वाढू लागली की पाण्याची पातळी थोडी खाली ठेवावी, म्हणजे वरच्या मुळांना हवा मिळते. मुळेही श्वास घेतात आणि सगळी बुडाली तर कुजतात.

तयार खत बहुधा दोन बाटल्यांत येते. घट्ट असतानाच ती एकत्र केली तर कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट यांचा साका खाली बसतो आणि रोपाला काहीच मिळत नाही. एक पाण्यात पूर्ण मिसळून मग दुसरी घालावी. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एकाच सलाइनच्या नळीतून देऊ नये, हे प्रत्येक इंटर्नला शिकवतात ते याच कारणाने.

पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा असावा. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. त्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून आजच्या खतांत लोह ईडीटीएसारख्या द्रव्यात बांधून देतात. रक्ततपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असते तेच हे ईडीटीए. पण पीएच फार वाढला तर तेही लोह धरून ठेवू शकत नाही.

सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाण्याची इतर भांडी आपण आठवड्याला कोरडी करतो. हा टब तसा करता येत नाही. म्हणून झाकण घट्ट हवे आणि रिकामे भोक राहिले तर बुजवायला हवे. उजेड आत गेला नाही तर शेवाळही धरत नाही. दुसरे, खताचे आणि पीएच कमी करणाऱ्या आम्लाचे द्रावण कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. असे काही चुकून प्यायलेली मुले आम्ही अपघात विभागात पाहतो. कुलपात ठेवावे.

पाण्यातली भाजी म्हणजे रसायनमुक्त भाजी, हा समजही सोडून द्यावा. मातीतले रोपही हेच क्षार घेते. म्हणून मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांनी घरची भाजी म्हणून पालेभाजी मनमुराद खाऊ नये. जपानमध्ये अशा रुग्णांसाठी द्रावणातील पोटॅशियम कमी करून लेट्यूस पिकवतात. एक क्षार कमी करून काय होते ते पाहायचे, ही झाक्सचीच रीत.

सिस्टरनी त्या दिवशी खत बदलायचे, टब हलवायचा आणि फवारणी करायची, असे तिन्ही एकदम ठरवले होते. मी त्यांना फक्त पाण्याचा पीएच पाहायला सांगितले. तो आठच्या वर होता. बोअरचेच पाणी होते. त्यांनी तेवढाच बदलला आणि तारीख वहीत टिपून ठेवली. नंतर फुटलेली पाने हिरवी आली.